म्हातारपणाचा पैसा कोणाच्या वहीत?

साखर कारखान्याने उसाच्या बिलातून टनामागे ठेव कापली म्हणजे ती पावतीवर दिसते. पण ती रक्कम बँकेत वेगळी आहे की यंत्रसामग्रीत जिरली, हे पावती सांगत नाही. आपल्या राहू बेटातल्या शेतकऱ्याला हा भेद कोणी शिकवावा लागत नाही. भीमेपलीकडे रांजणगावला परदेशी कंपनीत जाणाऱ्या त्याच्याच मुलाला मात्र स्वतःच्या म्हातारपणाच्या पैशाबद्दल तो प्रश्न विचारावासा वाटत नाही. म्हणून हा रुक्ष विषय घेतला आहे.

१ नोव्हेंबर १९५२ रोजी भविष्यनिर्वाह निधीची योजना सुरू झाली, ती कापड, सिमेंट, पोलाद, अभियांत्रिकी, कागद व सिगारेट या सहा धंद्यांपुरती. रुपयामागे एक आणा कामगाराचा, एक आणा मालकाचा. हा पैसा दरमहा मालकाच्या गल्ल्याबाहेर जाई. ग्रॅच्युइटीचे तसे नव्हते. ते नुसते वचन. आणि ते वहीत लिहावयाचे कधी, पैसे दिल्यावर की कबूल केल्यावर, याविषयी वाद होता.

मेटल बॉक्स कंपनीच्या खटल्यात हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ही ब्रिटिश कंपनीची हिंदुस्थानातील शाखा, धंदा डबे बनविण्याचा. १९६५ च्या बोनस कायद्याप्रमाणे नफा मोजताना तिने ग्रॅच्युइटीची अंदाजी रक्कम वजा धरली. नफा आटला की बोनस आटतो, म्हणून कामगारांनी हरकत घेतली. कोण टिकेल, कोण सोडून जाईल, हे आज ठाऊक नसताना देणे कसले? १९६८ मध्ये न्यायालयाने सांगितले की, विमागणिताने या देण्याची आजची किंमत नीट काढता येत असेल, तर ती त्या वर्षाच्या खर्चात धरता येते.

आपली बाजू हरली. पण मला विचाराल तर आपण चुकीच्या बाजूने भांडलो होतो. बोनसचे चार पैसे गेले खरे. परंतु वर्ष सरले की ग्रॅच्युइटीचा तेवढा हिस्सा कंपनीच्या डोक्यावर कर्ज म्हणून चढतो, ती जाताना हातावर ठेवलेली बक्षिसी नव्हे, ही गोष्ट हिशेबात आली. पुढे १९७२ च्या कायद्याने वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार सक्तीचा केला.

मात्र तरतूद म्हणजे पैसा नव्हे. अमेरिकेत साउथ बेंडचा स्टुडबेकर मोटार कारखाना डिसेंबर १९६३ मध्ये बंद पडला. पेन्शनचा करार होता, निधीही होता, पण अपुरा. साठी गाठलेल्यांना पूर्ण पेन्शन मिळाली. चाळीस ते साठमधल्या चार हजारांवर कामगारांना हक्काच्या जेमतेम १५ टक्के, आणि त्याहून तरुणांना काहीच नाही. त्यानंतर १९७४ मध्ये तेथे निधी भरण्याची सक्ती करणारा कायदा झाला. आपल्याकडे १९८७ मध्ये ग्रॅच्युइटीच्या विम्याचे कलम घातले गेले. पण राज्याने अधिसूचना काढल्यावाचून ते लागू होत नसे, आणि बहुतेक राज्यांत वर्षानुवर्षे ती निघालीच नाही. खुद्द मेटल बॉक्स १९८० च्या दशकाअखेर आजारी उद्योगांत जमा झाली.

आता हे गणित कसे फिरते ते पाहा. वीस वर्षांनी द्यावयाच्या एक लाख रुपयांची आजची किंमत आठ टक्के व्याज धरले तर सुमारे २१,५०० रुपये होते, सहा टक्के धरले तर ३१,२००. कामगार तोच, करार तोच. दर बदलला की देणे फुगते वा आटते. हा दर हिंदुस्थानात सरकारी रोख्यांच्या व्याजावरून घेतात. पगारवाढ किती आणि माणसे किती गळतील, हे अंदाज मात्र कंपनीचे. गळती जास्त धरली की देणे सहसा कमी दिसते.

कंपनीच्या वार्षिक अहवालात कर्मचारी लाभांची टीप असते. तीत एकूण देणे आणि त्यासाठी निधीत बाजूला ठेवलेली मालमत्ता, असे दोन आकडे असतात. त्यांतील तूट हा नुसत्या वचनावरचा भाग. रांजणगावच्या एका वाटाघाटीत आम्ही हे पान मागितले, तेव्हा साहेब म्हणाले, ते इंग्रजीत आहे, तुम्हाला समजणार नाही. कंपनी निबंधकाकडे फी भरली की हिशेब पाहावयास मिळतात. तिसऱ्या बैठकीस आमच्यातलाच एक पोरगा ते पान छापून घेऊन आला, आणि तुटीच्या आकड्याखाली त्याने लाल रेघ ओढली होती.