इंजिनाचा पासपोर्ट

आजच्या भागात पाणी आहे, पेट्रोल आहे आणि एक नियम आहे, ज्यात भलीमोठी फट राहून गेली होती.

साल १९०३. ब्रिटनमधला वृत्तपत्रांचा बडा मालक आल्फ्रेड हार्म्सवर्थ याने मोटरबोटींच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीसाठी ट्रॉफी ठेवली. अटी मोजक्याच. बोट ४० फुटांपेक्षा लांब नको. आणि बोट ज्या देशाकडून उतरणार, त्याच देशात ती बनलेली हवी, इंजिनासकट. म्हणजे इंजिनालाही पासपोर्ट! पण इंजिन केवढं असावं, किती असावीत, यावर बंधनच नाही. कोड लिहिणाऱ्यांना हे पटकन कळेल. जे फील्ड तुम्ही चेक करत नाही, तिथूनच कुणीतरी आत घुसतं.

सुरुवातीला इंजिनंच लहान होती, त्यामुळे चाललं. मग पहिलं महायुद्ध झालं आणि विमानांसाठी दणकट इंजिनं तयार झाली. १९२० मध्ये गार वुड नावाचा अमेरिकन माणूस इंग्लंडला आला. डंपर ट्रकच्या हायड्रॉलिक होइस्टवर त्याने बक्कळ पैसा कमावला होता. त्याच्या 'मिस अमेरिका' बोटीत विमानाची दोन लिबर्टी इंजिनं होती. ट्रॉफी घेऊन गडी घरी गेला.

पुढे तर कहरच. १९३२ची 'मिस अमेरिका टेन' बघा: ३८ फूट लांब, आत पॅकार्डची चार इंजिनं, प्रत्येकी १२ सिलिंडर. एकूण ४८! वेग ताशी सुमारे २०० किलोमीटर. लांबी ४० फुटांच्या आत, इंजिनं अमेरिकन. कागदावर सगळं एकदम चोख.

१९३३ मध्ये तिच्यासमोर उभा राहिला ब्रिटनचा ह्यूबर्ट स्कॉट-पेन. त्याची 'मिस ब्रिटन थ्री' जेमतेम २४-२५ फुटांची, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, आणि आत नेपियर लायन इंजिन. एकच! चारास एक. तो हरला, पण मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीत इंजिनिअरिंग खरं त्याचंच. गार वुडने नियम वाचला, स्कॉट-पेनने वजन वाचलं.

त्यानंतर १९४९ पर्यंत या ट्रॉफीची शर्यतच झाली नाही. मधे दुसरं महायुद्ध होतंच. पण चार-चार विमान-इंजिनांचा खर्च झेपणार कुणाला, हाही प्रश्न होता असं मला वाटतं.

अखेर १९५९ मध्ये ट्रॉफी अमेरिकेबाहेर गेली. कॅनडाच्या 'मिस सुपरटेस्ट थ्री'ने ती जिंकली. तिचं इंजिन? रोल्स-रॉइस ग्रिफन, म्हणजे ब्रिटिश. १९०३च्या अटीनुसार ही बोट पात्रच ठरली नसती.

आता फॉर्म्युला वनच्या पॉवरबोटींमध्ये हिशोब उलटा आहे. २००४ मध्ये त्या मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर धावल्या, आठवतंय का कुणाला? प्रत्येक बोटीच्या मागे एकच आउटबोर्ड इंजिन, आणि त्याच्या क्षमतेवर मर्यादा. ड्रायव्हर इटलीचा असो की फिनलंडचा, इंजिन बहुतेकांचं अमेरिकन मर्क्युरी. पासपोर्ट कुणी विचारत नाही.