एका हातात तलवार, दुसऱ्या हातात मंत्र: गेममधला ‘ऑफ-हँड’ नक्की काय प्रकार आहे?

स्कायरिम पहिल्यांदा कॉम्प्युटरवर खेळायला घेतलं की अनेकांची एकच गडबड होते. माउसचं डावं बटण दाबलं की कॅरेक्टरचा उजवा हात चालतो आणि उजवं बटण दाबलं की डावा. समोर ड्रॅगन उभा असतो, तुम्हाला जखम भरून काढणारा मंत्र टाकायचा असतो आणि हात भलताच उठतो. तलवार हवेत फिरते, मंत्र राहतो बाजूला आणि ड्रॅगन तुम्हाला भाजून काढतो.

आता तुम्ही म्हणाल, ही काय पद्धत झाली? तर माउसवर हल्ल्याचं बटण डावीकडे असायची सवय जुनी आहे आणि कॅरेक्टर तलवार धरतं उजव्या हातात. म्हणून ही उलटापालट. कंट्रोलरवर तो त्रास नाही, तिथे उजवा ट्रिगर उजव्या हाताचा आणि डावा ट्रिगर डाव्याचा.

पण या गोंधळाच्या मागे एक खरा प्रश्न आहे. फँटसी गेम बनवणाऱ्या प्रत्येकाला तो सोडवावा लागतो आणि त्याच्या उत्तरावर तुमचा गेम सोपा जाणार की अवघड, हे बऱ्यापैकी ठरतं. प्रश्न असा की तलवार एका हातात गेली, आता दुसऱ्या हाताचं करायचं काय?

गेमच्या भाषेत मुख्य शस्त्राचा हात म्हणजे ‘मेन-हँड’ आणि उरलेला तो ‘ऑफ-हँड’. त्या उरलेल्या हातात ढाल येते, दुसरी तलवार येते, मशाल येते, जादूची काठी म्हणजे स्टॅफ येतो, नाहीतर थेट मंत्र येतो. काहीच न धरता तोच हात मुख्य शस्त्राच्या मुठीवर ठेवला की झालं दोन हाती शस्त्र. यातलं एक निवडलं की बाकीचं सोडावं लागतं. गंमत सगळी त्या सोडण्यात आहे.

आपल्याला हे समजायला फार लांब जायला नको. ‘ढाल-तलवार’ हा शब्दच दोन हातांची वाटणी सांगतो. त्याहून भारी उदाहरण दांडपट्ट्याचं. २०२४ च्या शिवजयंतीला महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून जाहीर झालेला हा पट्टा हातात ‘धरत’ नाहीत, हातावर चढवतात. कोपराच्या दिशेने जाणारा लोखंडी खोबळा, त्याच्या आत आडवी मूठ आणि पुढे लांब, लवचिक पातं. मनगट आत बंदिस्त होतं, त्यामुळे वार मनगटातून न येता कोपर आणि खांद्यातून येतो. म्हणजे तो हात पूर्ण गुंतला. त्या हाताने दुसरं काही उचलणं, फेकणं, पकडणं विसरा. मग दुसऱ्या हातात काय घ्यायचं हा प्रश्न खराखुरा होतो: ढाल, तलवार की दुसरा पट्टा? कोल्हापूरच्या मर्दानी खेळात दोन्ही हातांत पट्टे चढवून फिरवणारे खेळाडू तुम्ही रील्सवर पाहिले असतील. दिसायला जबरदस्त, पण त्या क्षणी अंगावर येणारा वार अडवायला ढाल नसते. अडवायचं ते पात्यानेच.

गेममध्ये नेमका हाच हिशोब असतो. फक्त त्यात जादू येते आणि हिशोब किचकट होतो.

याची मुळं कागद, पेन्सिल आणि फाशांवर खेळल्या जाणाऱ्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये आहेत. १९७४ साली आलेला हा खेळ आजच्या बहुतेक फँटसी गेमचा आजोबा. त्याच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत नियम स्पष्ट आहे. अनेक मंत्रांना हाताची खूण करावी लागते आणि त्यासाठी एक हात मोकळा पाहिजे. एका हातात तलवार, दुसऱ्यात ढाल असेल तर आधी काहीतरी खाली ठेवा. हे नको असेल तर ‘वॉर कास्टर’ नावाचं कौशल्य घ्या, मग शस्त्र हातात असूनही खूण करता येते. म्हणजे हात मोकळा ठेवायची सूट मिळते, पण ती कमवावी लागते. याच नियमांवर बेतलेल्या २०२३ च्या बाल्डर्स गेट ३ मध्ये मात्र ही अट काढून टाकली आहे. ढाल-तलवार घेतलेला पुजारी तिथे बिनधास्त मंत्र टाकतो. कॉम्प्युटरवर दर वेळी तलवार खाली ठेवा, उचला असं करायला लावलं असतं तर लोकांनी गेमच खाली ठेवला असता.

हात मोकळा हवा की नको, यावर एकाच कंपनीचं मत कसं बदलत गेलं हे बघायचं तर बेथेस्डाचे तीन गेम घ्या. २००२ च्या मॉरोविंडमध्ये एक तर शस्त्र उगारा, नाहीतर मंत्र. दोन्ही एकदम नाही. २००६ च्या ऑब्लिव्हियनमध्ये मंत्राला स्वतंत्र बटण मिळालं. हातात ढाल-तलवार असो की दोन हाती कुऱ्हाड, बटण दाबा आणि मंत्र सुटतो. खेळायला सोयीचं, पण मग मांत्रिक आणि योद्धा यांच्यात फरक काय उरला? सगळेच सगळं करणार. मग ११ नोव्हेंबर २०११ ला स्कायरिम आला आणि त्यात मंत्र ही वस्तूच झाली. जशी तलवार हातात घ्यायची, तसाच मंत्र हातात घ्यायचा. उजव्या हातात तलवार, डाव्यात आग. किंवा दोन्हीकडे आग.

माझ्या मते ऑफ-हँडचं आतापर्यंतचं सगळ्यात स्वच्छ उत्तर हेच. कारण त्यात किंमत डोळ्यांना दिसते. डाव्या हातात मंत्र घेतला की तुम्ही वार अडवू शकत नाही. दोन तलवारी घेतल्या तरी नाही. दोन हाती शस्त्र घेतलं तर मंत्रासाठी ते आत ठेवावं लागतं. आणि ‘शाउट’ नावाच्या आरोळ्या तोंडाने मारायच्या असल्याने त्यांना हात लागतच नाही. हात भरलेले असतानाही एक हत्यार कायम शिल्लक.

स्कायरिममध्ये एकच मंत्र दोन्ही हातांत घेऊन एकत्र टाकण्याची सोय आहे, तिला ‘ड्युअल कास्टिंग’ म्हणतात. अनेक जण ती डोळे झाकून घेतात, म्हणून तिचं गणित बघू. त्यात परिणाम २.२ पट होतो आणि मॅजिका, म्हणजे जादूचं इंधन, खर्च होतं २.८ पट. समजा एका मंत्राचं नुकसान १०० आणि खर्चही १००. दोन हातांनी तोच मंत्र वेगवेगळा टाकलात तर २०० खर्चात २०० नुकसान. ड्युअल कास्टिंग केलंत तर २८० खर्चात २२० नुकसान. म्हणजे १० टक्के जास्त माऱ्यासाठी ४० टक्के जास्त इंधन. वाण्याच्या दुकानात हा सौदा कोणी केला नसता. मग लोक करतात का? कारण डिस्ट्रक्शन कौशल्य ४० वर गेलं की ‘इम्पॅक्ट’ नावाचा पर्क मिळतो आणि त्यानंतर ड्युअल कास्टिंगचा मारा बसलेला शत्रू अडखळतो. मोठमोठे शत्रू जागेवर डुलत राहतात आणि तुम्ही आरामात पुढचा मंत्र टाकता. ‘इम्पॅक्ट’ घेतलेला नसेल तर दोन्ही हातांनी जोडमंत्र टाकण्यात फारसा अर्थ नाही.

याच्या बरोबर उलट शैली आहे एल्डन रिंगची. २५ फेब्रुवारी २०२२ ला आलेल्या या गेममध्ये मंत्र हातात घेता येत नाही. मंत्र टाकायला स्टॅफ किंवा सील लागतो आणि ती वस्तू एक हात अडवते. उजव्या हातात तलवार आणि डाव्या हातात स्टॅफ ही तिथली नेहमीची जोडी. विश्रांतवाडीतल्या आमच्या कट्ट्यावर यावरून सरळ दोन पार्ट्या आहेत. टिंगरेनगरवाले म्हणतात की डावा हात ढालीसाठीच, धानोरीवाले स्टॅफ सोडायला तयार नाहीत आणि चहा संपला तरी वाद संपत नाही.

दोघांनाही लागू पडणाऱ्या दोन-तीन गोष्टी इथे सांगून ठेवतो. पहिली, तलवार दोन्ही हातांनी धरली की तुमची ताकद दीडपट मोजली जाते, पण डाव्या हातातला स्टॅफ पाठीवर जातो आणि मंत्र बंद. दुसरी, डाव्या हातात ढाल असेल आणि त्या ढालीचं स्वतःचं कौशल्य असेल, तर कौशल्याचं बटण ढालीचं चालतं, तलवारीचं नाही. नवख्यांना वाटतं की तलवारीचं कौशल्य बिघडलं. ते बिघडलेलं नसतं. ढालीवर ‘नो स्किल’ लावलं की तलवारीचं परत येतं. बहुतेक स्टॅफवर ते आधीपासूनच असतं, म्हणून स्टॅफवाल्यांना हा त्रास होत नाही. तिसरी गोष्ट जरा चलाखीची आहे. काही स्टॅफ ठराविक जातीच्या मंत्रांचा जोर वाढवतात आणि तो फायदा तो स्टॅफ नुसता दुसऱ्या हातात धरला तरी मिळतो. म्हणून पक्के मांत्रिक दोन स्टॅफ घेऊन फिरतात, एक मंत्र टाकायला आणि एक नुसता धरायला.

नुसती धरायची वस्तू हा प्रकार नवा नाही. गेमर मंडळी तिला ‘स्टॅट स्टिक’ म्हणतात, म्हणजे जिच्याने मारायचं नाही, फक्त जिचे आकडे आपल्याला मिळतात अशी काठी. डायब्लो २ मध्ये चेटकीण हातात काय धरते याचा तिच्या मंत्राच्या दृश्याशी संबंध नसतो, पण ढालीवर ‘मंत्र लवकर टाकता येईल’ असं लिहिलेलं असेल तर ती ढाल सोन्याची. २००१ च्या विस्तारात शस्त्रांचा दुसरा संच आला, एक बटण दाबून बदलता येणारा. लोकांनी काय करावं? ‘कॉल टू आर्म्स’ नावाचं शस्त्र दुसऱ्या संचात ठेवायचं, लढाईआधी ते काढून त्यातली ताकद वाढवणारी आरोळी मारायची आणि परत पहिल्या संचावर यायचं. त्या शस्त्राने एक वार न करता लोक वर्षानुवर्षं ते जपून आहेत.

काही गेम मात्र हाताचा हिशोब नायकाच्या गोष्टीतच बसवतात. द विचर ३ चा गेराल्ट उजव्या हातात तलवार धरतो आणि डाव्या हाताच्या बोटांनी ‘साइन’ करतो. म्हणून तो ढाल घेत नाही. बायोशॉकच्या २००७ च्या पहिल्या भागात बंदूक आणि जादुई शक्ती यांच्यात अदलाबदल करावी लागायची. २०१० च्या दुसऱ्या भागात दोन्ही एकदम हातात आल्या आणि एकदा ते खेळलं की पहिल्या भागाकडे परत जाणं जड जातं. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या अव्हाउडमध्ये डाव्या हातात चक्क मंत्रांची पोथी धरता येते. पोथी हातात असेपर्यंत तिच्यातले मंत्र तुमचे. तेच मंत्र पुढे कायमचे शिकून घेतले की हात पुन्हा मोकळा. पाठ झालं की पुस्तक मिटायचं, इतकं साधं.

आता येऊ आपल्या पुण्यात. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या स्टुडिओचा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ १८ ऑगस्ट २०२० ला आधी निन्टेन्डो स्विचवर आला आणि ऑक्टोबरमध्ये कॉम्प्युटर, प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवर. २०१७ ची त्यांची क्राउडफंडिंग मोहीम लक्ष्यापर्यंत पोचली नव्हती, तरी गेम पूर्ण झाला आणि द गेम अवॉर्ड्स २०२० मध्ये पदार्पणाच्या गेमसाठीच्या नामांकनात जाऊन बसला. काटेकोरपणे बघितलं तर राजी हा रोल-प्लेइंग गेम नाही, अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचर आहे. पण हातांच्या प्रश्नाचं त्याचं उत्तर वेगळं आहे.

राजी ही डोंबारी खेळ करणारी मुलगी, असुरांनी पळवलेल्या गोलू या भावाला शोधायला निघालेली. तिच्या हातात येतो त्रिशूळ, पुढे धनुष्य, मग ढाल-तलवार. वीज, अग्नी, हिम अशा शक्ती तिला मिळतात, पण त्या वेगळ्या हाताने टाकायच्या नसतात. त्या शस्त्रातच उतरतात. म्हणजे ‘डाव्या हातात मंत्र’ ही कल्पनाच इथे नाही. शस्त्र देवाने दिलेलं आहे, तेव्हा शक्ती शस्त्रातूनच येणार, हे आपल्याकडे लहानपणापासून गोष्टी ऐकलेल्या कोणालाही वेगळं समजवावं लागत नाही. अभिमंत्रित बाण ही आपल्या ओळखीची गोष्ट आहे, डाव्या तळहातावर नाचणारा आगीचा गोळा तेवढा नाही.

याचा खेळण्यावरही परिणाम होतो. राजी खांबाला धरून गरकन फिरते, भिंतीवर पाय देऊन उलटी झेप घेते आणि तिथून वार करते. कंट्रोलरची बटणं दुसऱ्या हाताच्या मंत्रात खर्च न करता या कसरतींना दिली आहेत. त्याची किंमतही आहे. स्कायरिममध्ये ‘उजव्यात हे, डाव्यात ते’ अशा शेकडो जोड्या लावून बघता येतात, राजीत तो खेळ नाही. चार-पाच तासांनंतर लढाया एकसारख्या वाटू लागतात, ही तक्रार मलाही पटते. पण पहिल्यांदा गेम हातात घेणाऱ्या कोणालाही मी आधी राजी देईन आणि एल्डन रिंग नंतर.

एक गट या सगळ्यात कायम दुर्लक्षित राहतो, तो म्हणजे डावखुरे. ‘ऑफ-हँड’ म्हणजे डावा हात असं बहुतेक गेम गृहीत धरतात. स्कायरिममध्ये निदान डाव्या हातात तलवार आणि उजव्यात मंत्र घेता येतो, एल्डन रिंगमध्येही शस्त्रं उलटी लावता येतात, पण डाव्या हातातल्या शस्त्राला सगळे वार मिळत नाहीत. झेल्डा मालिकेचा नायक लिंक अनेक वर्षं डावखुरा होता. २००६ मध्ये ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’ वी या कन्सोलवर आणायचं ठरलं, तिथे खेळणाऱ्याने रिमोट हलवला की तलवार फिरणार होती आणि बहुतेक लोक रिमोट उजव्या हातात धरणार होते. मग निन्टेन्डोने लिंकचा हात बदलण्यासाठी अख्खा गेम आरशात पाहिल्यासारखा उलटा केला. त्यामुळे जुन्या गेमक्यूबच्या आवृत्तीत जे गाव पश्चिमेला आहे, ते वीवर पूर्वेला सापडतं.