दिवसा खतावणी, रात्रीं विद्यापीठ

हिशेबनिसाचा धंदा जितका जुना, तितका त्याचा विद्यापीठाशीं आलेला संबंध नवा आहे. वैद्यक, कायदा व धर्मशास्त्र यांस युरोपांतील विद्यापीठांनीं मध्ययुगांतच आसन दिलें. कीर्द-खतावणी शिकण्याची जागा मात्र पेढीवरील गादी किंवा कचेरींतील मेज हीच, अशी समजूत शतकानुशतकें चालत आली. उमेदवारानें जुन्या कारकुनाच्या हाताखालीं बसावें, बेरजा कराव्या, चुका शोधाव्या आणि वयाबरोबर शहाणें व्हावें, हाच तेथील अभ्यासक्रम. ही समजूत कशी पालटली व तिच्या पालटण्यांत घड्याळाच्या कांट्याला किती महत्त्व आलें, हें पाहण्यासारखें आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंतील रेल्वे-कंपन्या व कारखाने यांचें भांडवल असंख्य भागधारकांत विखुरलें गेलें. ज्याचा पैसा त्याला चोपडी दिसत नाहीं, आणि ज्याच्या हातीं चोपडी त्याचा पैसा नाहीं, अशी स्थिति आल्यावर उभयतांमध्यें उभा राहणारा निःपक्षपाती हिशेब-तपासनीस अवश्य झाला. १७ एप्रिल १८९६ रोजीं न्यूयॉर्क राज्यानें कायदा करून अशा तपासनिसांस परीक्षेअंतीं प्रमाणपत्र देण्याची व्यवस्था केली. अमेरिकेंतील या जातीचा हा पहिलाच कायदा. परंतु नुसती परीक्षा ठेवल्यानें विद्या येत नाहीं. ती शिकविणारें कोणी तरी हवें.

तें काम १९०० सालीं न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीनें हातीं घेतलें. तेथील तपासनिसांच्या संस्थेच्या खटपटीनें वाणिज्य, हिशेब व अर्थव्यवहार यांची एक शाळा विद्यापीठांत निघाली आणि चार्ल्स वाल्डो हॅस्किन्स हे तिचे पहिले प्रमुख झाले. तिचे वर्ग सायंकाळीं भरत, व आमच्या मतें सगळें मर्म यांतच आहे. दिवसभर कचेरींत राबणाऱ्या माणसांसाठींच ती शाळा होती. शिकविणारेही त्याच जातीचे. हॅस्किन्स यांची स्वतःची पेढी होती. दुसरे एक अध्यापक चार्ल्स स्प्रेग हे एका बचत-बँकेचे अध्यक्ष. या स्प्रेग यांनींच पुढें 'हिशेबाचें तत्त्वज्ञान' अशा अर्थाच्या नांवाचा ग्रंथ लिहिला. ज्या विषयाला कारकुनी समजत, त्याला तत्त्वज्ञान असूं शकतें, हें सांगण्याचें धैर्य दिवसा बँक चालविणाऱ्या गृहस्थाला झालें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

थकल्या डोक्यानें मिळविलेली विद्या ती काय विद्या, असा आक्षेप कोणी घेतील. त्यांत तथ्य नाहीं असें नव्हे. पण सकाळीं ज्याचा ताळेबंद जुळला नाहीं, तो सायंकाळीं वर्गांत स्वतःचा प्रश्न घेऊन येतो. कोऱ्या मनानें बाकावर बसणाऱ्या तरुणाला तो प्रश्न पुस्तकांतून उसना घ्यावा लागतो. शिवाय ज्याच्या पगारावर घर चालतें, त्याला नोकरी सोडून शीक असें सांगणें म्हणजे शिकूं नकोस असेंच सांगणें होय.

आमच्याकडेही हीच कथा थोड्या निराळ्या वळणानें घडली. मुंबईंत १९१३ सालीं सिडनहॅम कॉलेज निघालें व वाणिज्य हा कॉलेजांत शिकण्याचा विषय झाला. १९१८ मध्यें हिशेबनिसीची सरकारी पदविका सुरू झाली. तींत परीक्षेच्या जोडीला मान्य तपासनिसाजवळ तीन वर्षें उमेदवारी केल्यावरच धंद्याचें अनिर्बंध प्रमाणपत्र मिळे. म्हणजे मेज आणि ग्रंथ यांची सांगड नियमानेंच घातली गेली. त्याच १९१८ सालीं सिडनहॅममध्यें अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें १९४६ सालीं सिद्धार्थ कॉलेज काढलें, तेव्हां नोकरीवर जाणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून वर्ग सकाळीं ठेवले. न्यूयॉर्कांत सायंकाळ, मुंबईंत सकाळ, तत्त्व एकच. विद्यार्थ्यानें आपलें पोट विद्यापीठाच्या वेळेस जुळवावयाचें नाहीं. विद्यापीठानें आपली वेळ त्याच्या पोटास जुळवावयाची.

अशा विद्यार्थ्याचें कौतुक करण्यांत आपण कधीं कमी पडत नाहीं; पण त्याच्या जमाखर्चाची नांवेची बाजू क्वचितच वाचतों. झोप, प्रकृति, मुलांशीं बोलण्याची वेळ, आणि त्याच्या गैरहजेरींत संसार ओढणाऱ्या पत्नीचे अथवा आईचे श्रम, हीं सर्व त्या बाजूस पडतात. पदवीचा कागद एकाच्याच नांवाचा असला, तरी तिची किंमत सगळें घर देतें. म्हणून केवळ शाबासकी पुरेशी नाहीं. परीक्षेपूर्वीं मालकानें चार दिवसांची रजा द्यावी, कॉलेजानें पदवी सावकाश पुरी करण्याची मुभा ठेवावी, आणि सायंकाळची पदवी दिवसाच्या पदवीहून हलकी लेखण्याची खोड समाजानें टाकावी. विद्येचें मोल ती कोणत्या प्रहरीं मिळविली यावर ठरत नाहीं. मात्र ती कोणास मिळावयाची, हें प्रहरावर पुष्कळदां ठरतें, असें हा इतिहास सांगतो.