घरबसल्या नभोयात्रा

आज जगभर असंख्य हौशी माणसे आपल्या घरी संगणकापुढे बसून विमान हाकतात आणि पडद्यावरील खिडकीतून नद्या, डोंगर व सागरकिनारे न्याहाळीत लांबलांबच्या मजला मारतात. या छंदाचे मूळ मात्र एका विलक्षण यंत्रात आहे. त्यात बसणाऱ्याला बाहेरचे काहीही दिसू नये, यासाठीच ते यंत्र पुढे वापरले गेले!

अमेरिकेतील बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक याच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. ऑर्गनचे भाते आणि हवेच्या नळ्या यांची विद्या लिंकला घरातच मिळाली. त्या भात्यांवर त्याने १९२९ च्या सुमारास आखूड पंखांचे एक लाकडी विमान बसविले. दांडा हलविला की ते जागच्या जागी डुले, वळे, कलंडे. प्रथम त्याला गिऱ्हाईक मिळाले ते करमणुकीच्या बागांतून. पुढे १९३४ साली हवाई टपाल वाहण्याचे काम अमेरिकी सैन्यावर येऊन पडले आणि ढगांत व अंधारात उडण्याचा सराव नसल्यामुळे कित्येक तरुण वैमानिक प्राणास मुकले. तेव्हा सैन्याला या खेळण्याची आठवण झाली व त्याने सहा यंत्रे विकत घेतली. शिकाऊ वैमानिकावर झाकण ओढावयाचे आणि केवळ घड्याळांच्या काट्यांवर विसंबून उडावयास शिकवावयाचे, अशी ती पद्धत. ढगात शिरलेल्या माणसाला त्याचे शरीरच फसविते. विमान कलंडले असतानाही ते सरळ आहे, असे त्यास वाटते. डोळ्यांचा व देहाचा मोह सोडणे हाच तेथील पहिला धडा होता.

या आंधळ्या यंत्राच्या वंशजाला दृष्टी मिळाली ती संगणकामुळे. इलिनॉय विद्यापीठात शिकलेल्या ब्रूस आर्टविक याने घरगुती संगणकासाठी उड्डाणाचा कार्यक्रम रचला. १९८२ साली मायक्रोसॉफ्टने त्याची आवृत्ती काढली. शिकागोजवळ मिशिगन सरोवराच्या काठी असलेल्या मेग्ज फील्ड या चिमुकल्या विमानतळावरून तीत उड्डाण सुरू होई. चित्र म्हणजे काय, तर चार रेघा आणि थोडे रंग! तरी पाहणाऱ्याचे मन त्या रेघांतून शहर उभे करी.

पुढे आंतरजाल आले आणि एकाकी वैमानिकाला सोबती मिळाले. १९९८ साली आयव्हाओ व २००१ साली व्हॅटसिम ही मंडळे स्थापन झाली. त्यांतील स्वयंसेवक मनोऱ्यातील नियंत्रकाचे काम करतात आणि उतरण्याची अनुज्ञा खरोखर बोलून देतात. याच वातावरणात टप्प्याटप्प्यांच्या सहली रुजल्या. त्यांतील डोळ्यांनी जमीन ओळखीत करावयाची सहल मला सर्वांत रसाळ वाटते. येथे घाई करून भागत नाही; खऱ्या विमानाला जितके तास लागतील, तितकेच येथेही लागतात.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूला उतरले. एका इंजिनाच्या त्या पस मॉथ विमानाला वाट दाखविणारी रेडिओची साधने नव्हती. तीच वाट आज पडद्यावर धरली, तर अहमदाबाद सोडल्यावर नर्मदेचे विस्तीर्ण मुख, मग तापी, मग वसईची खाडी, अशा खुणा क्रमाने भेटतात. नकाशावर पाठ केलेला भूगोल असा तासागणिक उलगडला, म्हणजे त्या उड्डाणाचे अंतर कळते. धोका तेवढा कळत नाही. तो कळेल असे म्हणणे त्या वैमानिकांवर अन्याय करणारे होईल.

मेग्ज फील्डची कथा निराळी आहे. ३० मार्च २००३ च्या रात्री शिकागोच्या महापौरांच्या आज्ञेने तेथील धावपट्टी यंत्रांनी उखडण्यात आली व सोळा विमाने जागीच अडकली. आता तेथे उद्यान आहे. २०२० साली निघालेल्या आवृत्तीत उपग्रहाने टिपलेली पृथ्वी दिसते. साहजिकच धावपट्टीच्या जागी हिरवळ आली. हौशी मंडळींना ते मानवले नाही. त्यांनी मेग्ज फील्डची धावपट्टी, इमारत व मनोरा पुन्हा रचून त्या हिरवळीवर बसविला, आणि सरोवराच्या काठाकाठाने आलेली त्यांची विमाने तेथे पूर्ववत उतरू लागली.