प्रस्तावना : वीज नसतानाचं सर्किट

भोसरीतल्या जुन्या पॉवर प्रेसचं पॅनेल उघडा किंवा चाकणच्या नव्या असेंब्ली लाइनचं. आत रिलेंची ओळ सापडण्याची शक्यता मोठी. पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारा कंट्रोलर, आला तरी ती हटली नाही. त्याच्या ट्रान्झिस्टर आउटपुटला साधारण अर्धा अँपिअर झेपतो, तोही 24 व्होल्ट डीसीवर. 230 व्होल्टच्या काँटॅक्टरची कॉइल ओढायची तर मध्ये रिले लागतोच.

या विषयाचं कूळही थोर आहे. तारायंत्रातला क्षीण झालेला संदेश पुढे ढकलायला रिले वापरात आला. 1937 साली क्लॉड शॅनन या विद्यार्थ्याने प्रबंधात दाखवलं, की सिरीजमधले काँटॅक्ट म्हणजे 'आणि', पॅरलल म्हणजे 'किंवा'. संगणकाचं तर्कशास्त्र त्या वाटेने आलं. साठच्या दशकाच्या अखेरीस पीएलसी आला तेव्हा त्याच्या प्रोग्रॅमला रिले-ड्रॉइंगचंच रूप दिलं, म्हणजे वायरमनला ते वाचता यावं. आजही लॅडर, म्हणजे हाच प्रोग्रॅम, लिहिणारा इंजिनिअर नकळत रिलेच जोडत असतो.

इथे नव्याने येणाऱ्याने मनात एकच प्रश्न धरावा : ही वायर तुटली, तर मशीन थांबेल की चालत राहील?

रिलेचं ड्रॉइंग कॉइलला वीज नसतानाच्या स्थितीत काढतात. नवशिका ते चालू मशीन डोळ्यांपुढे ठेवून वाचतो आणि तिथेच घोटाळा होतो. छोट्या रिलेवर 11 हा कॉमन, 12 एनसी (वीज नसताना जुळलेला), 14 एनओ (वीज नसताना उघडा). काँटॅक्टरवर 13-14 एनओ, 21-22 एनसी. शेवटचा आकडा काँटॅक्टची जात सांगतो. कॉइल नेहमी ए1-ए2.

आता स्टॉप बटण पाहा. ते एनसी घेऊन सिरीजमध्ये टाकतात. एनओ घेऊन, आणखी एक रिले लावूनही मशीन थांबवता येतं आणि रोजच्या कामात फरक जाणवत नाही. पण प्रेसच्या हादऱ्यांनी लग सैल झाला, की एनसीवालं मशीन जागच्या जागी थांबतं. एनओवालं निमूट चालत राहतं, आणि बटण मेलंय हे ते दाबायची वेळ आल्यावरच कळतं. होल्डिंगचंही, म्हणजे स्टार्ट बटण सोडल्यावरही कॉइल ओढून धरण्याचंही, तसंच. स्टार्ट बटणाला पॅरलल काँटॅक्टरचाच 13-14 असतो. वीज गेली की कॉइल सुटते, होल्डिंग तुटतं आणि वीज परत आली तरी मशीन आपणहून सुरू होत नाही. त्याऐवजी साधा ऑन-ऑफ स्विच लावणाऱ्याने, डायमध्ये हात घातलेल्या फिटरचा विचार केलेला नसतो. माझ्या मते कंट्रोल वायरिंगमधलं निम्मं शहाणपण या दोन जोडण्यांत आहे.

बाकीचं हात बसला की येतं. डीसी कॉइलवर उलटा डायोड टाका, म्हणजे कॉइल सुटताना उठणारा शेकडो व्होल्टचा झटका पीएलसीचं आउटपुट जाळणार नाही. मात्र डायोडमुळे रिले थोडा उशिरा सुटतो. ब्रेकच्या सर्किटमध्ये हा उशीर हिशेबात धरायला हवा. रिलेवर छापलेले 10 अँपिअर बहुधा एसीचे असतात. 50 हर्ट्झचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी विझते. डीसीत ती संधी नाही, म्हणून तोच काँटॅक्ट 110 व्होल्ट डीसीवर एक अँपिअर तोडतानाही चिकटू शकतो. फेरूल नंबर न घालता केलेल्या वायरिंगबद्दल न बोललेलंच बरं.

पिंपरी-भोसरीत बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते आणि मेंटेनन्सला पॅनेल मोकळं मिळतं. सवड मिळाली तर, परवानगी घेऊन, मेन आयसोलेटर बंद करा, त्याला कुलूप लावा, मल्टीमीटरने वीज नसल्याची खात्री करा. मग ड्रॉइंग हातात घेऊन स्टॉप बटणापासून एकेक वायर कॉइलपर्यंत मोजत जा. हे पुस्तक त्यानंतर वाचलंत तरी चालेल.