आकारापासून आकड्यापर्यंत

घराची किंमत आता मोबाइलवर कळते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की सरकारी दर समोर येतात. गावठाणातल्या मिळकतीला चौरस मीटरला इतके, बिनशेतीला इतके. खेड्यांच्या तक्त्यात जिरायत जमिनीचे दर मात्र हेक्टरी ‘आकारा’च्या टप्प्यांनी लावलेले दिसतात. ऑनलाइन भावाची नाळ कुठे पुरली आहे, ते तिथे कळतं.

आकार म्हणजे सातबाऱ्यावरचा जमीन महसूल. वसुलावरून जमीन मोजायची रीत जुनी आहे. खर्डा गावाच्या माळावर मार्च 1795 मध्ये मराठ्यांकडून निजाम हरला, तेव्हा तहात तीन कोटी रुपये आणि दौलताबादसकट मुलूख लिहून घेतला गेला. मुलूख मोजायचा तो वर्षाच्या वसुलावर. विकत घेणारा काय देईल हा प्रश्नच नव्हता. पुढे इंग्रजी अमलात प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे भागात 1830च्या आसपास प्रत्येक शेताचं निव्वळ उत्पन्न काढायचा घाट घातला. हिशेब इतका बारीक, की वाचणाऱ्याने दबून जावं. दर मात्र झेपेनात, आणि कुणबी जमिनी टाकून निघून गेले. मग 1836 पासून इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमिनीची प्रत आण्यांत ठरवून, दर उतरवून तीस वर्षांची आकारणी केली. हीच पद्धत मुंबई इलाख्यात पसरली. आजच्या आकाराचे रुपये-पैसे तिच्याच वंशातले.

दुसरी शाखा मुद्रांकाची. खरेदीखतात लिहिलेल्या रकमेवर शुल्क घ्यायचं, तर रक्कम कमी लिहिली जाणार, हे सांगायला जोशी लागत नाही. म्हणून मुंबई मुद्रांक कायद्यात खरं बाजारमूल्य ठरवण्यासाठी 32-अ हे कलम आलं, आणि 1995च्या नियमांनी दरवर्षीच्या बाजारमूल्य तक्त्यांना चौकट दिली. लोक त्यांना रेडी रेकनरच म्हणतात. पूर्वी नवे दर 1 जानेवारीला लागायचे, 2016 पासून 1 एप्रिलला. कधी ते वाढतात, कधी वर्षानुवर्षं जसेच्या तसे राहतात. बाजार काही एप्रिलची वाट पाहत नाही. आज मुद्रांक शुल्क खतातली रक्कम आणि या तक्त्यातलं मूल्य यांत जे जास्त त्यावर ठरतं, 2015च्या अखेरीपासून ग्रामपंचायतीची घरपट्टीही भांडवली मूल्याने आकारताना याच दरांचा आधार घेतला जातो. तक्त्याच्या फार खाली व्यवहार केला तर प्राप्तिकर खातंही सरकारीच आकडा धरतं. मात्र भूसंपादनाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये स्पष्ट केलं, की अशी मूल्यांकन नोंदवही महसुलासाठी असते, तिच्यावरून खरा बाजारभाव सिद्ध होत नाही.

थेट बाजारभाव गाठायचाही प्रयत्न झाला. अमेरिकेत 2006 साली झिलो या कंपनीने घरोघरच्या किमतीचा अंदाज संगणकाकडून मांडायला सुरुवात केली. तो हिशेब मुख्यतः झालेल्या विक्रींवरून निघतो, ठरलेल्या तक्त्यावरून नव्हे. तरी आपल्याच आकडेमोडीच्या भरवशावर घरं विकत घ्यायचा धंदा कंपनीला 2021 मध्ये गुंडाळावा लागला. एकसारखी घरं आणि भरपूर विक्री असलेल्या देशात ही गत.

खर्ड्यासारख्या गावात तर दोन घरं सारखी नसतात. एखाद्या जुन्या वाड्याला तक्ता गावठाणाचा एकच दर लावतो, बांधकामाचा प्रकार बघतो आणि वयाप्रमाणे घसारा कापतो. त्याचं सागवान, घडीव दगड, आडाचं पाणी, बोळात ट्रॅक्टर वळतो की नाही, सहा भावांच्या सह्या मिळतील का, यातलं काहीच रकान्यात बसत नाही. भाव मात्र याच गोष्टींवर ठरतो. माझ्या मते आकडा चुकतो असं म्हणणंही बरोबर नाही. तो करासाठी जन्मला आणि ते काम चोख करतो. विक्रीसाठी त्याला विचारणारे आपण.

तेव्हा इसार घेण्याआधी त्याच संकेतस्थळावर सूची क्रमांक दोन उघडा. आपल्या गावात अलीकडे नोंदलेले दस्त, त्यांतला मोबदला आणि सरकारी मूल्य तिथे शेजारी शेजारी दिसतात. मग त्या घरांच्या शेजाऱ्यांना जाऊन विचारा.