फायरफॉक्समधील अ‍ॅड-ऑनची जुनी व्यवस्था व तिचा अस्त

ब्राउझरचा इतिहास बहुधा कंपन्यांच्या स्पर्धेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आपल्या हातातील ब्राउझर वापरकर्त्यास कितपत बदलता येत असे आणि तो अधिकार त्याच्याकडून केव्हा व का गेला, हा प्रश्न त्या स्पर्धेच्या वर्णनात मागे पडतो. या दृष्टीने फायरफॉक्सचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे.

३१ मार्च १९९८ रोजी नेटस्केपने आपल्या ब्राउझरची मूळ संहिता सर्वांस खुली केली व मोझिला प्रकल्प उभा राहिला. त्या प्रकल्पात ब्राउझरचा दर्शनी भाग, म्हणजे मेनू, टूलबार, बटणे इत्यादी, झूल नावाच्या भाषेत लिहिण्यात आला. बैलाच्या पाठीवरील झुलीशी या नावाचे साम्य केवळ योगायोगाचे; कारण ही झूल वरून पांघरलेली नव्हती, ती ब्राउझरची कातडीच होती. वेबपृष्ठे ज्या सीएसएस व जावास्क्रिप्ट यांनी रचली जात, त्यांनीच तिचे रूप व वर्तन ठरत असे. म्हणून वेबपृष्ठ रचणारा मनुष्य थोड्या अभ्यासाने ब्राउझरही बदलू शके, आणि ब्राउझरला जे जे करता येई ते बहुतेक सर्व त्याच्या अ‍ॅड-ऑनलाही करता येई.

९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. जाहिराती रोखणारे अ‍ॅडब्लॉक, स्क्रिप्ट अडविणारे नोस्क्रिप्ट, वेबपृष्ठाची अंतर्रचना उलगडून दाखविणारे फायरबग ही अ‍ॅड-ऑन्स सर्वश्रुत आहेत. भारतीय वाचकाच्या दृष्टीने 'पद्म' अधिक महत्त्वाचे होय. त्या काळी देशी भाषांतील अनेक वृत्तपत्रे आपापल्या स्वतंत्र फॉन्टांत मजकूर प्रसिद्ध करीत, आणि तो फॉन्ट नसलेल्यास अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसत. मुळात तेलुगूसाठी रचलेले व पुढे देवनागरी आदी लिप्यांपर्यंत विस्तारलेले पद्म असा मजकूर पानावरच युनिकोडमध्ये आणी. प्रकाशकाने जे केले नव्हते, ते वाचकाने घरबसल्या करून घेतले!

परंतु या मोकळिकीतच तिच्या अस्ताचे बीज होते. अ‍ॅड-ऑन्स ब्राउझरच्या अंतर्भागास चिकटलेली असल्यामुळे आत एखादा फेरफार केला की बाहेर त्यांतील काही बंद पडत. एकाच प्रक्रियेत चालणारा ब्राउझर अनेक प्रक्रियांत विभागण्याचे काम त्यामुळे फार जिकिरीचे झाले. शिवाय अमर्याद अधिकार सज्जनास मिळतो तसा दुर्जनासही मिळतो. २१ ऑगस्ट २०१५ रोजी मोझिलाने जुनी व्यवस्था मोडीत काढण्याचा संकल्प जाहीर केला. २०१६ मध्ये मोझिलाची डिजिटल स्वाक्षरी प्रत्येक अ‍ॅड-ऑनवर अनिवार्य झाली आणि १४ नोव्हेंबर २०१७ च्या ५७ व्या आवृत्तीत झूलवर आधारलेली अ‍ॅड-ऑन्स चालेनाशी झाली. त्यांच्या जागी आलेली व्यवस्था बव्हंशी क्रोमच्या धर्तीची होती. सर्व ब्राउझर कळफलकाच्या आज्ञांनी चालविणारे व्हिम्परेटर तीत बसू शकले नाही.

ही कारणे खोटी होती असे म्हणता येणार नाही. तथापि सुरक्षिततेसाठी सोपविलेला अधिकार कोणाच्या हाती गेला, हे मे २०१९ च्या आरंभी एकाएकी उघड झाले. स्वाक्षऱ्या पडताळण्यासाठी लागणाऱ्या एका प्रमाणपत्राची मुदत मोझिलाकडून नजरचुकीने संपू दिली गेली आणि जगभरच्या वापरकर्त्यांची अ‍ॅड-ऑन्स निकामी झाली. फायरफॉक्सवर आधारलेल्या टॉर ब्राउझरमध्ये नोस्क्रिप्टही बंद पडले. ओळख लपविणे ज्यांना जीवनावश्यक, त्यांचेच कवच गळून पडले. विंडोज व मॅकवरील फायरफॉक्सच्या सर्वसाधारण आवृत्तीत स्वाक्षरीची तपासणी थांबविण्याची मुभाच नव्हती. टॉरच्या वापरकर्त्यांना मात्र 'अबाऊट:कॉन्फिग' या सेटिंगांच्या पानावर एक नोंद बदलून तात्पुरता मार्ग काढता आला. दुरुस्ती काही दिवसांत झाली. पण ती होईपर्यंत बहुतेकांस वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते.

जुन्या व्यवस्थेचा एक अवशेष अद्याप शिल्लक आहे. 'युजरक्रोम' नावाची सीएसएस फाईल आपल्या प्रोफाइलमध्ये ठेवून ब्राउझरचा दर्शनी भाग आजही बदलता येतो. मात्र सप्टेंबर २०१९ मधील ६९ व्या आवृत्तीपासून ही फाईल आपोआप वाचली जात नाही. त्यासाठी अबाऊट:कॉन्फिगमध्ये जाऊन प्रथम तशी परवानगी द्यावी लागते, आणि त्या सेटिंगाच्या नावातच 'लेगसी', म्हणजे जुन्या काळचे, असा शब्द घातलेला आहे.